आईचा कॉम्प्युटर अँटीव्हायरसनेच अडवून धरलाय का?

अबोली | शनिवार, रात्री १०:१२

मदत हवी आहे, जरा घाईनेच.

आईकडे सात वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०. चार वर्षांपासून ती घरातले जुने फोटो स्कॅन करून प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी हे लिहून ठेवते आहे. अडीच हजारांच्या वर फोटो झालेत. गेले दोन महिने मशीन सुरू व्हायलाच दहा-बारा मिनिटं लागतात. फोल्डर उघडला की वरच्या पत्त्याच्या चौकटीत ती हिरवी पट्टी सरकत बसते आणि फोटोंची छोटी चित्रं एकेक करून उमटतात. शिवाय उजव्या कोपऱ्यात दिवसातून चार-पाचदा इशारे येतात, की कॉम्प्युटर धोक्यात आहे, लगेच नूतनीकरण करा.

काल आई म्हणाली, "राहू दे गं, वहीत लिहीन." ते मला फार लागलं.

अँटीव्हायरस सरळ काढून टाकू का? की दुसरा चांगला घालू?

रातकिडा | शनिवार, रात्री १०:२०

काढून टाका. मी आठ वर्षं एकही अँटीव्हायरस वापरलेला नाही आणि काडीचाही त्रास झालेला नाही. कुठल्याही लिंकवर बोट ठेवायचं नाही, बस.

खटपट्या | शनिवार, रात्री १०:४१

अबोलीताई, लगेच काही काढू-घालू नका. आधी दुखणं कुठे आहे ते बघू.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. डिस्कच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त डिस्क खाणारा प्रोग्रॅम वर येतो. मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा बघा आणि दोन्ही वेळचे आकडे इथे लिहा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून तिथे कोणाचं नाव आहे तेही सांगा. आणि डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची आहे की एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान?

पाणकणीस | शनिवार, रात्री ११:०५

@रातकिडा, आठ वर्षं काहीच नाही असं तुम्हाला वाटतंय. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या पोटातच येतो. विंडोज व्हिस्टाच्या काळातला याच नावाचा प्रोग्रॅम फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, शोधायचा, त्यामुळे बऱ्याच जणांच्या मनात अजून ती जुनी प्रतिमा आहे. दुसरा कोणताही अँटीव्हायरस नसेल तर हा आपोआप चालू राहतो. बघा तुमच्याकडे.

लिंकवर बोट न ठेवण्याबद्दल म्हणाल तर १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) पसरलं तेव्हा कोणी काही दाबायची गरजच पडली नाही. फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी पद्धतीतल्या भोकातून ते एका मशीनवरून दुसऱ्यावर आपसूक उडी मारत गेलं. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो दोन महिन्यांत घातला नाही त्यांची मशीनं सापडली, आणि त्यांत बहुतेक विंडोज ७ वाली होती.

रातकिडा | शनिवार, रात्री ११:१४

बघितलं. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे. चार दिवसांपूर्वी त्याने एक डाउनलोड अडवल्याची नोंदसुद्धा आहे, मला पत्ताच नव्हता. वरचा सल्ला मागे घेतो. अबोली, माझं ऐकू नका.

भिरभिरं | रविवार, सकाळी ७:५०

ते नूतनीकरणाचे इशारे नक्की कोणाचे, हे आधी तपासा. माझ्या सासऱ्यांना असेच इशारे यायचे. लाल ढाल, त्यावर उद्गारचिन्ह, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस'. ते अँटीव्हायरसचे नव्हतेच! कधीतरी एका वेबसाइटने 'नोटिफिकेशन दाखवू का' विचारलं आणि त्यांनी 'अलाउ' दाबलं, एवढंच झालं होतं. चौकटीत बारीक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता आणि ब्राउझरचं नाव असतं, पण घाबरलेला माणूस ते वाचत नाही. सासऱ्यांनी तर त्यातल्या नंबरवर फोन केला होता आणि पलीकडचा माणूस स्क्रीनचा ताबा मागत होता. सासूबाईंनी मागून प्लग काढला म्हणून वाचलो. त्यांचं कौतुक मी आजही सगळ्यांना सांगते.

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी मिळेल. अनोळखी असतील त्या सगळ्या काढा.

टकळी | रविवार, सकाळी ९:३०

थोडं अवांतर, पण याच दुखण्यातलं.

देवनागरी टंकनाचा माझा पंधरा वर्षं जुना प्रोग्रॅम एका सकाळी गायब झाला. अँटीव्हायरसने तो 'कीलॉगर', म्हणजे दाबलेल्या कळा चोरून टिपणारा, ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडवाड्यात, टाकला होता. मी दोन तास व्हायरस कुठून आला ते शोधत बसले. नंतर मुलीने कारण सांगितलं: इंग्रजी कीबोर्डवर देवनागरी उमटवायचं तर प्रत्येक दाबलेली कळ त्या प्रोग्रॅमला मधल्यामध्ये पकडावी लागते, आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही नेमकं तेच करतो. चालचलणुकीवरून ओळखायला गेलं की साव आणि चोर सारखेच दिसतात.

मग ती फाइल व्हायरसटोटलवर चढवली. तिथे जवळपास सत्तर अँटीव्हायरस एकदम मत देतात. दोघांनीच नाव ठेवलं, तेही 'जेनेरिक' असं मोघम, तेव्हा जीव भांड्यात पडला. क्वारंटाइनमधून परत घेऊन अपवादांच्या यादीत टाकला. अपवाद देताना फक्त तेवढी फाइल द्या, अख्खा सी ड्राइव्ह नको. आणि खाजगी कागद तिथे चढवू नका, ती फाइल इतर संशोधकांनाही बघता येते.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ११:०२

टकळीताईंनी सांगितलं ते मोठ्या प्रमाणावरही घडलेलं आहे. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःचीच फाइल व्हायरस ठरवली. जगभर मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली आणि त्यांचं नेटवर्क गेलं. अलीकडचं म्हणजे १९ जुलै २०२४: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रॅमच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख मशीनं निळ्या पडद्यावर आणली. तो प्रोग्रॅम कंपन्या वापरतात, त्यामुळे घरगुती मशीनं वाचली.

कारण दोन्हीकडे एकच. अँटीव्हायरस इतर प्रोग्रॅमांसारखा वर बसत नाही, तो विंडोजच्या गाभ्यात शिरून बसतो. तुम्ही कुठलीही फाइल उघडा, ती आधी त्याच्या हातून जाते. म्हणून तो उपयोगी, आणि म्हणूनच तो बिघडला की सगळंच अडतं. मी १९८६ सालच्या 'ब्रेन' व्हायरसच्या काळापासून या गोष्टी बघतोय. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना पहिल्यांदा वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा आणि त्याला पकडणारा प्रोग्रॅम दुसऱ्या फ्लॉपीत मावायचा.

अबोली | रविवार, दुपारी ४:२५

सगळ्यांचे आभार. आईकडेच बसून लिहिते आहे.

@भिरभिरं, तुमचं अगदी बरोबर निघालं. इशाऱ्यांतले तीन क्रोमचे होते. यादीत अकरा साइट्स होत्या, सगळ्या काढल्या. चौथा मात्र खरोखर अँटीव्हायरसचा आहे.

@खटपट्या, आकडे असे:
सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी सीपीयू १८ टक्के, मेमरी ६१ टक्के, डिस्क १०० टक्के.
अर्ध्या तासाने सीपीयू ९ टक्के, डिस्क तरीही ९७ ते १००.
विंडोज सिक्युरिटीमध्ये एका मोफत अँटीव्हायरसचं नाव आहे, भाच्याने दोन वर्षांपूर्वी घातलेला. डिफेंडर बंद दिसतो. मशीनबरोबर आलेला चाचणी मुदतीचा एक अँटीव्हायरस होता, तो भाच्याने तेव्हाच काढला होता आणि प्रोग्रॅमच्या यादीत तो नाहीये. डिस्क फिरती आहे, १ टीबी.

पाणकणीस | रविवार, दुपारी ४:५८

यादीत नाही म्हणजे मशीनमध्ये नाही, असं नसतं. कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा आणि इंग्रजीत टाइप करा: एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं, मग एक जागा सोडून 'फिल्टर्स'. फाइलींच्या वाटेवर कोण कोण उभं आहे त्यांची यादी येईल. दहा-बारा नावं दिसतील, बरीचशी विंडोजचीच असतात, घाबरू नका. 'अल्टिट्यूड' नावाच्या रकान्यात बघा. ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा अँटीव्हायरससाठी राखलेला आहे. डिफेंडरचा फिल्टर ३,२८,०१० वर असतो. तो सोडून या पट्ट्यात किती नावं आहेत ते सांगा.

अबोली | रविवार, संध्याकाळी ५:२०

दोन कंपन्यांची मिळून तीन नावं आहेत! एक भाच्याने घातलेल्याचं आणि दोन त्या 'काढलेल्या' अँटीव्हायरसची. म्हणजे तो गेलाच नव्हता?

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ५:४४

खोली सोडली, पण सामान तिथेच. असं बऱ्याचदा होतं. आता आईने एक फोटो उघडला की तो दोघांकडे तपासणीला जातो. एक वाचतोय हे बघून दुसरा वाचायला घेतो. एसएसडीला ते खपतं, पण फिरत्या डिस्कची सुई सेकंदाला शंभराच्या आसपासच वेगवेगळ्या जागी पोचू शकते. त्यात दोघांची ओढाताण.

आता क्रम नीट पाळा. बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या स्वतःचा सफाईचा प्रोग्रॅम देतात. तो त्या कंपनीच्याच साइटवरून आधी उतरवून ठेवा. मग शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये (त्यात विंडोजच्या मोजक्याच गोष्टी चालू असतात) जा आणि तिथे तो चालवा. नंतर भाच्याने घातलेला साध्या पद्धतीने काढा. डिफेंडर आपोआप जागा होईल. मग नव्या अपडेटसह एक पूर्ण स्कॅन घ्या, रात्रभर चालू द्या.

डोंगरवाट | रविवार, रात्री ८:१५

रुमाल टाकून ठेवतो, माझ्या मशीनवरही पट्ट्यात दोन नावं निघाली आहेत.

एक भर: डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाचं बटण आहे. रॅन्समवेअरने फोटोंना हात लावू नये म्हणून ते चांगलंच आहे. पण ते लावल्यावर माझ्या स्कॅनरचा प्रोग्रॅम 'पिक्चर्स'मध्ये फाइल ठेवेना आणि चूक काय हेही सांगेना. शेवटी त्या प्रोग्रॅमला हाताने परवानगी दिली. अबोली, तुमच्या आई स्कॅन करतात म्हणून सांगितलं.

अबोली | सोमवार, रात्री ९:३५

अर्धं यश, अर्धा गोंधळ.

सफाई झाली, पट्ट्यातली जुनी दोन्ही नावं गेली. पण रीस्टार्ट केल्यावर इंटरनेटच बंद! वायर ठीक, राउटर ठीक, मोबाइलवर नेट चालू. तासभर घालवल्यावर नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरले. तिथे खूण केलेल्या ओळींची एक छोटी यादी असते, तिच्यात त्याच जुन्या अँटीव्हायरसच्या नावाची एक ओळ निघाली. खूण काढली, ओके केलं आणि दोन सेकंदांत नेट आलं. हे इथे मुद्दाम लिहिते आहे, दुसऱ्या कोणाचा तास वाचेल.

मशीन सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची, आता सहा. डिफेंडर चालू आहे. पण फोल्डरची हिरवी पट्टी अजून रेंगाळते. पूर्ण स्कॅन लावलाय, दोन तासांत चार टक्के झालाय.

जुनाजाणता | सोमवार, रात्री ९:५१

अबोली, तो स्कॅन आत्ता थांबवा. मग टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कवर क्लिक करा आणि 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' वाचून सांगा. शेजारी वाचनाचा वेग दिसेल, तोही.

अबोली | सोमवार, रात्री १०:०३

थांबवला. रिस्पॉन्स टाइम वरखाली होतोय, २,४०० मिलिसेकंद, मध्येच ३,१००. वेग ०.८ एमबी. डिस्क १०० टक्के.

जुनाजाणता | सोमवार, रात्री १०:१६

धडधाकट फिरत्या डिस्कला एका मागणीला दहा-वीस मिलिसेकंद लागतात. तुमची दोन-तीन सेकंद घेते आहे, आणि तेही ०.८ एमबीच्या वेगाने. एवढं हळू कोणताही अँटीव्हायरस करत नाही. डिस्क मरायला टेकली आहे असं मला वाटतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. वर 'कॉशन' असा पिवळा शेरा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) शून्य सोडून काहीही असेल तर माझा अंदाज खरा.

आणि खरा असेल तर आज रात्रीच बाहेरची डिस्क लावून फोटो बाहेर काढायला घ्या. आईने लिहिलेल्या ओळी सगळ्यांत आधी. त्या फायली लहान आहेत, आणि त्या पुन्हा मिळणार नाहीत. पूर्ण स्कॅन म्हणजे डिस्कवरची फाइल न् फाइल वाचणं. मरणाऱ्या डिस्कला ते करायला लावणं म्हणजे आजारी माणसाला जिना चढायला लावण्यासारखं आहे.

खटपट्या, तुमचा सल्ला निरोगी डिस्कसाठी बरोबरच होता.

खटपट्या | सोमवार, रात्री १०:२२

नाही, चूक माझीच. पहिल्या दिवशी १०० टक्के डिस्क वाचूनच मी रिस्पॉन्स टाइम विचारायला हवा होता. दोन अँटीव्हायरस सापडल्यावर मी पुढे बघितलंच नाही. अबोली, मनापासून माफ करा. आज रात्री मी जागा आहे, अडलं की लिहा.

अबोली | मंगळवार, पहाटे १:४०

पिवळा शेरा. पेंडिंग सेक्टर आहेत. आईच्या वर्डच्या सगळ्या फायली निघाल्या. फोटो चालू आहेत. आई शेजारी बसून प्रत्येक फोल्डरचं नाव वाचते आहे.

टकळी | मंगळवार, सकाळी ६:३०

उठल्या उठल्या हा धागा उघडला. आईंना सांगा, इथे आम्ही सगळे वाट बघतोय.

पाणकणीस | मंगळवार, सकाळी १०:१०

फोटो निघाले की जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर घेऊ नका, तिच्यातला बिघडलेला भाग आणि जुन्या अँटीव्हायरसची उरलीसुरली धूळही बरोबर येईल. एसएसडी घ्या आणि विंडोज कोरं घाला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी केलेल्यांनाच मिळतात. गाभ्यातली भोकं बुजवायला कोणी नसेल तर वर कितीही चांगला अँटीव्हायरस बसवून भागत नाही, वॉनाक्रायचं वर लिहिलंच आहे. सात वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ चालेल. तेवढं बघून घ्या.

रातकिडा | मंगळवार, दुपारी १२:४५

नवं विंडोज घातल्यावर डिफेंडर खरंच जागा आहे का हे बघायची युक्ती मला काल कळली. आयकार नावाची एक निरुपद्रवी चाचणीची फाइल असते, अवघ्या ६८ अक्षरांची. तिच्यात व्हायरस नाही, पण तिला व्हायरस म्हणायचं असं सगळ्या कंपन्यांनी आपसात ठरवलेलं आहे. मी ती अक्षरं नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह केली आणि डिफेंडरने फाइल लगेच उचलून नेली. बायकोला बोलावून पुन्हा एकदा करून दाखवलं.

अबोली | रविवार, संध्याकाळी ६:५०

उशिरा लिहिते आहे, आठवडा धावपळीत गेला.

प्रोसेसर आठव्या पिढीचाच निघाला. एसएसडी बसली, विंडोज ११ घातलं, अँटीव्हायरस फक्त डिफेंडर. चालू करण्यापासून आईचा फोल्डर दिसेपर्यंत २६ सेकंद, मी मोबाइलवर मोजले. आयकारची फाइलही उचलली गेली. डोंगरवाट, स्कॅनरची परवानगी पहिल्याच दिवशी दिली, नाहीतर नक्की अडलो असतो. बाहेरच्या डिस्कवर फोटोंची एक प्रत ठेवली आहे, ती प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात जाते, म्हणजे एखादं रॅन्समवेअर आलंच तर तिच्यापर्यंत पोचणार नाही. दुसरी प्रत माझ्याकडे.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर: अँटीव्हायरस काढून टाकायचा नव्हता, दोनाचा एक करायचा होता. अकरापैकी पाच मिनिटं त्याची होती. उरलेली सहा मरणाऱ्या डिस्कची. मी फक्त अँटीव्हायरसला दोष देत राहिले असते तर अजून महिनाभरात फोटो गेले असते.

तीन फोटो निघाले नाहीत. दोघांच्या मूळ प्रती आईच्या पेटीत होत्या, तिने कालच पुन्हा स्कॅन केल्या. तिसऱ्याची मूळ प्रत मावशीकडे आहे. तिला फोन केलाय, ती शोधते आहे.

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ७:०५

जुनी डिस्क अजून टाकू नका आणि फॉरमॅटही करू नका. कोरड्या जागी, गुंडाळून ठेवा. मावशींचा फोटो हाती लागला नाही तर तिच्यावर अजून एक प्रयत्न करता येईल, आणि तो करायला मी तुमच्याबरोबर बसेन.